सरकती नळी आणि चिखल : डोंगरी सायकलीच्या धक्काशोषकाची कथा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून, तो इतिहासाच्या सदरांत कसा आला असा प्रश्न आपल्यांपैकीं कांहींजणांस पडण्याचा संभव आहे. डोंगरांत चालवावयाच्या सायकलीचे धक्के शोषून घेणारे भाग धूळ, चिखल व पाणी यांपासून कसे राखले गेले, हा तो विषय. इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजवंश यांची आपल्याला संवय झालेली असते. परंतु मनुष्याच्या यंत्रांनीं चिखलाशीं केलेली लढाईहि जुनी आहे. तिच्यांतहि जय, पराजय आणि तह झालेले आहेत. आणि ती अद्याप संपलेली नाहीं. ज्या घरांतील मुलगा अथवा मुलगी पावसाळ्यांत सह्याद्रीच्या वाटांवर अशी सायकल घेऊन जाते, त्या घराचा तर या इतिहासाशीं पैशाचा आणि हातपाय धड राहण्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

ज्या भागाविषयीं बोलावयाचें तो प्रथम डोळ्यांसमोर आणूं. साध्या सायकलीचा पुढचा चिमटा म्हणजे चाकाला दोहों बाजूंनीं धरणारे दोन ताठ पोलादी पाय. डोंगरी सायकलींत या प्रत्येक पायाच्या जागीं एकांत एक बसणाऱ्या दोन नळ्या असतात. आंतली नळी वर हँडलच्या बाजूला जोडलेली. बाहेरची नळी खालीं चाकाला जोडलेली. चाक दगडावर आदळलें कीं बाहेरची नळी आंतल्या नळीवर सरकत वर चढते. एका पायांतील दाबलेली हवा किंवा स्प्रिंग तिला पुन्हां खालीं ढकलते, आणि दुसऱ्या पायांतील तेल बारीक छिद्रांतून वाट काढतांना तिची उसळी आवरतें. कित्येक सायकलींना मागील चाकासाठींहि सांगाड्याच्या मधोमध याच तत्त्वावर चालणारा एक आंखूड धक्काशोषक बसविलेला असतो.

आंतली नळी आरशासारखी गुळगुळीत असते आणि तिचा बराच भाग उघड्यावर असतो. तिच्या जवळच चाक फिरत असतें व तें वाटेवरचा सगळा राडा तिच्यावर उडवीत असतें. नळी बाहेर असतांना तिच्यावर धूळ बसते, आणि आंत जातांना ती धूळ बरोबर नेऊं पाहते. एका तासाच्या उतारांत ही ये-जा हजारों वेळां होते. म्हणजे दाराशीं असा द्वारपाल हवा, कीं जो प्रत्येक वेळीं पाहुण्याचे पाय पुसून घेईल, परंतु त्याला क्षणभरहि अडवून ठेवणार नाहीं. द्वारपाल ढिला पडला तर वाळू आंत शिरते. तो फारच कडक झाला तर नळी सरकावयासच तयार होत नाहीं, आणि मग धक्काशोषक बसविण्याचा हेतूच फसतो. या दोन दोषांच्या मधली वाट शोधणें, एवढाच या सर्व इतिहासाचा सारांश आहे.

हा प्रश्न सायकलीपेक्षां जुना आहे. इ. स. १७९५ सालीं जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. यंत्राची कल्पना उत्तम होती, पण एक अडचण होती. दट्ट्या नळींत सरकला पाहिजे, आणि त्याच्या कडेनें पाणी मात्र गळतां कामा नये. कडेला घट्ट बोळा भरावा तर दट्ट्या अडकून राही; सैल भरावा तर पाणी बाहेर येई. यांतून जी तोड निघाली तिचें श्रेय ब्रामाच्याच कारखान्यांत काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यास दिलें जातें. त्यानें चामड्याची एक वांकविलेली कडी बसविली. तिची मोकळी कड पाण्याच्या बाजूला होती. पाण्याचा दाब वाढला कीं तो दाबच त्या कडेला दट्ट्यावर घट्ट बसवी. दाब उतरला कीं ती आपोआप सैल होऊन दट्ट्याला परत जाऊं देई. चोराच्याच हातीं कुलूप लावण्याचें काम दिल्यासारखी ही युक्ति होती. सायकलच्या हातपंपांत हवा अडविणारा चामड्याचा वाटीसारखा वॉशर ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. तो वॉशर वाळला कीं पंप हवा धरीत नाहीं, आणि तेलाचे दोन थेंब दिले कीं पुन्हां धरूं लागतो, हें पुष्कळ घरांत ठाऊक होतें. तेलानें भिजलेली मऊ कड ही कोरड्या व कठीण बुचापेक्षां श्रेष्ठ ठरते, हा या कथेंतील पहिला धडा होय.

आतां सायकलीकडे वळूं. जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर ही सायकल १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें तयार झाली, आणि दोन सारखीं चाकें व मागील चाकाला सांखळी, ही आज परिचित असलेली घडण तेव्हांपासून रूढ होत गेली. त्या काळीं चाकांवर भरीव रबराच्या धावा असत आणि रस्ते दगडगोट्यांचे. बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत. तेव्हां सांगाड्यांतच स्प्रिंगा घालण्याचे प्रयत्न झाले. लिन्ली आणि बिग्ज यांनीं त्याच सुमारास काढलेली व्हिपेट नांवाची सायकल अशा प्रयत्नांत विशेष गाजली. परंतु १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवेनें भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें, आणि थोड्याच वर्षांत स्प्रिंगांच्या सायकली मागें पडल्या. हवेचा टायर हाच एक धक्काशोषक होता. आणि त्यांत सरकता भाग नसल्यामुळें चिखलानें बिघडण्यासारखें कांहीं नव्हतें. स्प्रिंगांना जोड देणारे खिळे, बिजागऱ्या आणि त्यांत शिरणारी वाळू यांची कटकट एका रबरी नळीनें मिटविली. जो प्रश्न सोडवितां येत नाहीं तो उत्पन्नच होऊं न देणें, हाहि शहाणपणाचा एक मार्ग असतो.

चिखलाचा प्रश्न मग सांखळीपुरता उरला, आणि तेथें इंग्रज कारखानदारांनीं मोठी चिकाटी दाखविली. हॅरिसन कार्टर यानें सांखळीभोंवतीं बंद पेटी बसवून तिच्यांत तेल ठेवण्याची योजना केली. वुल्व्हरहॅम्प्टन येथील जॉन मार्स्टन यांच्या सनबीम सायकलींवर ‘लिट्ल ऑइल बाथ’ नांवाची अशीच तेलाची पेटी असे, आणि या सायकलींचा लौकिक मुख्यतः तिच्यावर उभा होता. सांखळी नेहमीं तेलांत न्हालेली असे, धूळ आंत येत नसे, आणि बसणाऱ्याचे कपडे मळत नसत. आपल्याकडील जुन्या सायकलींवरचें चेनकव्हर हें याच कुळांतलें; पण स्वस्ताईसाठीं त्यांतलें तेल गेलें आणि पत्रा तेवढा राहिला. तेल नसलेली पेटी धूळ अडवितेहि आणि आंत गेलेली धूळ सांभाळूनहि ठेवते. शिवाय सांखळी दृष्टीआड गेल्यामुळें तिला तेल देण्याची आठवण कुरकुर ऐकूं आल्याखेरीज होत नाहीं. हा दुसरा धडा. आणि तो पुढें पुन्हां एकदां, बराच महाग पडून, शिकावा लागला.

सरकत्या नळ्यांचा चिमटा सायकलीला मोटारसायकलीकडून मिळाला. आल्फ्रेड स्कॉट याच्या १९०८ सालच्या मोटारसायकलीवर एकांत एक सरकणाऱ्या नळ्या होत्या, परंतु उसळी आवरण्यासाठीं तेलाची योजना नव्हती. ती योजना पुरतेपणीं असलेला चिमटा जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें १९३५ सालच्या आर १२ या गाडीवर बसविला. तेल आलें, आणि त्याबरोबर ब्रामाचा जुना प्रश्न नव्या वेषांत पुढें उभा राहिला. आंतलें तेल आंत राहिलें पाहिजे आणि बाहेरचा चिखल बाहेर. चामडें या कामाला अपुरें पडूं लागलें होतें, आणि नैसर्गिक रबर खनिज तेलांत फुगून खराब होतें.

याच सुमारास रसायनशास्त्र मदतीस आलें. तेलाला दाद न देणारें नायट्राइल रबर १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत तयार झालें. वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबेर्ग ही मूळची चामडें कमावणारी पेढी. तिच्यांतील वाल्टर झिमर यानें फिरत्या दांड्यासाठीं चामड्याची कड असलेलें सील बनविलें होतें. १९३६ पासून तें चामडें जाऊन त्या जागीं कृत्रिम रबर आलें. अमेरिकेंत स्थायिक झालेले मूळचे डेन्मार्कचे नील्स क्रिस्टेन्सन यांना खांचेंत बसणाऱ्या गोल रबरी कडीचें, म्हणजे आज सर्वत्र ‘ओ-रिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तूचें, पेटंट १९३९ सालीं मिळालें. आणि दुसऱ्या महायुद्धांत ती विमानांतील दाबयंत्रांत सरसहा वापरांत आली. आजच्या सायकलीच्या धक्काशोषकांतील हवा अडवून धरणारीं रबरें याच घराण्यांतलीं आहेत. युद्धासाठीं पक्की झालेली ही विद्या पुढें डोंगरांतल्या खेळाला उपयोगी पडली.

मोटारसायकलवाल्यांनीं मात्र केवळ सीलवर भरंवसा ठेवला नाहीं. कोणी चिमट्यावर पत्र्याचीं नळकांडीं चढविलीं. मद्रासला १९५५ पासून जुळविल्या जाणाऱ्या बुलेट गाडीच्या चिमट्यावरील तीं झांकणें पुष्कळांच्या नजरेसमोर असतील. कोणी नळीभोंवतीं वळ्यावळ्यांचें रबरी आवरण बसविलें. लोहाराच्या भात्याप्रमाणें तें नळीबरोबर मिटे आणि उघडे. हें रबरी बूट दिसावयास भक्कम होते, आणि डोंगरी सायकलीच्या कथेंत त्यांना महत्त्वाची भूमिका मिळणार होती.

ही सायकल जन्मली कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत. तेथील कांहीं तरुणांनीं १९३० ते १९५० या काळांतील जाड टायरांच्या जड सायकली जमविल्या आणि डोंगराच्या कच्च्या वाटांवरून त्या वेगानें खालीं नेण्याचा छंद धरिला. फेअरफॅक्स गांवाजवळील एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारें तीन किलोमीटरांत ही वाट चारशें मीटर खालीं येते. सायकलींना पायडल उलटें फिरवून लागणारा ब्रेक असे. तो मागच्या चाकाच्या तुंब्यांत असतो. एवढ्या उतारावर तुंबा इतका तापे, कीं आंतलें ग्रीस धूर होऊन उडून जाई. प्रत्येक फेरीनंतर तो उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. ग्रीस पुन्हां भरणें यास इंग्रजींत ‘रीपॅक’ म्हणतात. आणि त्या वाटेला व त्या शर्यतीला तेंच नांव पडलें. एखाद्या खेळाच्या तीर्थक्षेत्राला वंगणावरून नांव पडल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं. पण यांत अर्थ आहे. या सायकलीचा जन्म झाला त्या दिवसापासून वंगण ही तिची पहिली गरज होती, आणि तें भरण्याचें काम स्वारानें स्वतःच्या हातानें करावयाचें होतें.

त्या मंडळींपैकीं जो ब्रीझ यानें १९७७ सालीं या कामासाठीं खास सांगाडा तयार केला. टॉम रिची यानें बनविलेले सांगाडे घेऊन गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं १९७९ सालीं दुकान मांडलें. आणि १९८१ सालीं स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल बाजारांत येऊन हा खेळ चार लोकांचा राहिला नाहीं. जसजसे स्वार वाढले तसतशी चिखलाची तक्रारहि वाढली. तुंबे, पायडलांचे आंस, हँडलचा सांधा, या सर्वांतील छर्रे पाणी शिरून गंजूं लागले. कारखानदारांनीं बंद बेअरिंगें आणलीं. मरीनमध्येंच चार्ली कनिंगहॅम या कल्पक यंत्रज्ञानें निराळा विचार केला. त्याच्या ‘ग्रीस गार्ड’ या योजनेंत बेअरिंगाच्या आंतल्या बाजूनें एका लहान छिद्रांतून ताजें ग्रीस दाबून भरीत. तें पुढें सरकतांना जुनें, मळलेलें ग्रीस बाहेर ढकलून देई. घाण आंत येऊंच नये अशी प्रतिज्ञा यांत नव्हती. ती येणारच, तेव्हां तिला आंतून बाहेर जाण्याची वाट ठेवावी, अशी ही नम्र दृष्टि होती. बैलगाडीच्या आंसाला पुन्हां पुन्हां वंगण देणाऱ्या आपल्या गाडीवानाला ती तत्काळ पटली असती.

यानंतर सस्पेन्शनचा प्रवेश होतो. पॉल टर्नर हा मूळचा मोटारसायकलींच्या शर्यतींतील यंत्रज्ञ. त्यानें १९८९ सालीं रॉकशॉक्स कंपनी काढून आर एस-१ हा हवा व तेल यांवर चालणारा चिमटा विकावयास आणला. त्याच्या नळ्या सुमारें दोन इंच सरकत. १९९० सालीं कोलोराडोंतील ड्युरँगो येथें या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तींत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यानें हाच चिमटा वापरून जिंकली. डग ब्रॅडबरी याच्या मॅनिटू चिमट्यांत स्प्रिंगेच्या जागीं लवचिक कृत्रिम रबराचे ठोकळे असत. त्यामुळें तेलाची कटकट बरीच कमी झाली. परंतु नळी कोणतीहि असो, ती सरकते तेथें वाळू येते. आणि सायकलीचा चिमटा मोटारसायकलीच्या मानानें फारच हलका करावयाचा असल्यामुळें त्यांत तेल थोडें आणि धातूचे थर पातळ. एवढ्याशा वाळूनेंहि त्यांत मोठें नुकसान होऊं लागलें.

तेव्हां १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत मोटारसायकलीवरचे ते रबरी बूट सायकलीवर आले. नव्या सायकलीच्या चिमट्यावर काळे, वळ्यावळ्यांचे बूट दिसले कीं ग्राहकाचें समाधान होई. आपली नळी सुरक्षित आहे असें त्याला वाटे. दुर्दैवानें तें पुष्कळ अंशीं खोटें समाधान होतें. भाता मिटतो तेव्हां आंतली हवा बाहेर जाते, आणि उघडतो तेव्हां बाहेरची हवा आंत ओढली जाते. ही हवा आवरणाच्या कडेंतून किंवा त्याला ठेवलेल्या भोंकांतून येणार, आणि येतांना ओल व बारीक धूळ घेऊन येणार. बाहेर जातांना मात्र ती धूळ परत नेत नाहीं. कारण धूळ आतां तेलकट नळीला चिकटलेली असते. म्हणजे दाराबाहेर एक अंधारी खोली बांधावी आणि सगळा केर तिच्यांत साठवावा, तसा हा प्रकार झाला. पुसणारी कड त्या केराशीं रात्रंदिवस घासत राही. बूट उचलून पाहणारे थोडे. न पाहणारे पुष्कळ. जेव्हां पाहिलें जाई, तेव्हां नळीवर ओरखड्यांच्या रेघा पडून गेलेल्या असत. चेनकव्हरचा जुना धडा पुन्हां गिरविला गेला.

या दशकाच्या उत्तरार्धांत दिशा बदलली. इटलींतील बोलोन्याची मार्झोकी कंपनी १९४९ पासून मोटारसायकलींच्या क्षेत्रांत होती. तिनें १९९७ सालासाठीं बॉम्बर झेड-१ नांवाचा चिमटा काढला. त्यांत मोटारसायकलीप्रमाणें पायांत भरपूर तेल मोकळें ठेविलेलें होतें. चिमटा हलला कीं तेल उसळून वरच्या बुशांना आणि सीलला भिजवी. तो जड होता, पण हयगय सहन करी, म्हणून त्याचें नांव झालें. सनबीमच्या तेलाच्या पेटीचा आत्मा जणूं शंभर वर्षांनीं परत आला. त्याच काळांत इतर कंपन्यांनीं बूट हळूहळू सोडून दिले आणि नळी उघडी ठेवून तिच्या तोंडाशीं चांगली पुसणी बसविण्याकडे लक्ष दिलें. पुढें हीच पद्धत रूढ झाली.

या पुसणीची रचना पाहण्यासारखी आहे. तिला दोन ओठ असतात. वरचा ओठ पातळ व कडक. तो खालीं येणारी माती खरवडून दूर करतो. खालचा ओठ आंतल्या तेलाला मर्यादेंत ठेवतो. कित्येकांत वरच्या ओठाभोंवतीं बारीक स्प्रिंगेचें वेटोळें असतें, म्हणजे झिजल्यावरहि ओठ नळीला धरून राहतो. त्याच्या खालीं तेलांत भिजविलेली स्पंजाची कडी असते. ती नळीला जातां-येतां तेलाचा अगदीं पातळ हात देते. हा तेलाचा थर फार मोलाचा आहे. तो नसेल तर ओठ कोरडा होऊन नळीला चिकटूं लागतो आणि स्वाराला लहान लहान धक्के थेट हातांत बसूं लागतात. तो असेल तर ओठ सरकतो, आणि धुळीचा कण खोल रुतण्याऐवजीं तेलावर तरंगून वर उरतो. नळीच्या उघड्या भागावर राइडनंतर जें काळसर कडें दिसतें, तें म्हणजे या पुसणीनें बाहेर काढून ठेविलेला केर. बुटाच्या काळांत तो दिसत नसे. आतां तो दिसतो. माझ्या मतें या बदलांतील खरी सुधारणा हीच आहे. उघड्या नळीनें मालकाला पुन्हां डोळे दिले.

नळीच्या पृष्ठभागाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती बहुधा ॲल्युमिनियमची असून तिच्यावर विजेच्या साहाय्यानें त्याच धातूच्या ऑक्साइडचा कठीण थर चढविलेला असतो. पण थर केसाच्या जाडीहूनहि पातळ, आणि खालचा धातू मऊ. वाळू आंत अडकून दिवसेंदिवस घासत राहिली कीं तो झिजतो, आणि एकदां खालची चकाकी उघडी पडली कीं तेल तेथून निसटूं लागतें व घाण शिरूं लागते. बहुतेक चिमट्यांत आंतल्या नळ्या वरच्या जोडांत दाबून कायमच्या बसविलेल्या असतात. त्यामुळें एका नळीच्या रेघेपायीं वरचा सबंध भाग बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून पुष्कळ घरांत सायकल अडगळींत जाऊन पडते. आंतील बुश झिजले तर ब्रेक लावतांच चिमटा खुळखुळतो. अशा चिमट्यावर तीव्र उतार उतरणें धोक्याचें असतें. पांच मिनिटांच्या पुसण्यानें जें टळलें असतें, त्याची ही किंमत.

आपल्याकडे हा धोका दोन ऋतूंत दोन रूपें घेतो. उन्हाळ्यांत सह्याद्रीच्या वाटांवर पिठासारखी धूळ असते; ती हलकी असल्यामुळें तेलकट ओठावर अलगद बसते. पावसाळ्यांत घांटमाथ्यावर काळ्या मातीचा चिखल टायरला थराथरानें चिकटतो, आणि कोंकण-गोव्याकडे जांभ्याची तांबडी, कणीदार माती पाण्याबरोबर उडते. म्हणून चिमट्याच्या कमानीवर बसणारें लहानसें लवचिक मडगार्ड क्षुल्लक समजूं नये. टायर चिखल उडवितो तो मुख्यतः नळ्यांच्या मागील बाजूवर; हें मडगार्ड तो वाटेंतच अडवितें आणि तरीहि नळी झांकून ठेवीत नाहीं. मागील धक्काशोषकाला कांहीं जण निओप्रीनचें वेष्टण गुंडाळतात. हें कृत्रिम रबर १९३१ सालीं अमेरिकेंत जाहीर झालें. वेष्टण उडणारे खडे अडवितें, यांत शंका नाहीं. पण तेंहि एक प्रकारचें बूटच आहे. प्रत्येक फेरीनंतर तें सोडून, नळी पुसून, वाळवून मग बांधावयाची तयारी नसेल, तर तें न बांधलेलें बरें.

धुण्याविषयींहि असेंच. गाड्या धुण्याच्या केंद्रावरील जोराच्या फवाऱ्यानें सायकल दोन मिनिटांत चकचकीत होते. परंतु सीलचा ओठ नळीवरची माती खरवडण्यासाठीं घडविलेला असतो. समोरून येणाऱ्या पाण्याच्या भाल्याला तोंड देण्यासाठीं नव्हे. फवारा ओठाखालीं घुसतो, पाणी आंतल्या तेलांत मिसळतें, आणि तें तेल ताकासारखें पांढुरकें होऊन निरुपयोगी ठरतें. बादलीभर पाणी, मऊ ब्रश आणि शेवटीं कोरडें फडकें, ही जुनी पद्धतच येथें श्रेष्ठ आहे. नळी पुसल्यावर चिमटा चार-सहा वेळां दाबावा आणि ओठावर आलेलें काळें कडें पुन्हां पुसून घ्यावें. अधूनमधून सायकल कांहीं मिनिटें उलटी ठेवली तर आंतलें तेल स्पंजाच्या कडीपर्यंत पोंचतें. तेल सोडण्याचे किंवा साफ करण्याचे फवारे मात्र ब्रेकच्या चकतीपासून दूर ठेवावे. नाहींतर नळी वांचेल आणि ब्रेक जाईल.

याशिवाय एक काम उरतें, तें आंतलें तेल बदलण्याचें. रॉकशॉक्सच्या कित्येक चिमट्यांसाठीं खालच्या पायांतील तेल दर ५० तासांच्या स्वारीनंतर बदलण्यास सांगितलेलें असतें. फॉक्स कंपनी आपल्या चिमट्यांसाठीं १२५ तासांची किंवा एका वर्षाची मर्यादा घालते. हे आंकडे चांगल्या परिस्थितीचे धरावे; आपल्या पावसाळ्यांत ते कमी करणें शहाणपणाचें. त्या पायांत तेल असतें तें पुष्कळदां चहाच्या एक-दोन चमच्यांएवढेंच. दोन चमचे तेलावर एवढें महागडें यंत्र अवलंबून असावें, हें ऐकून हंसूं येईल. पण हातपंपाच्या वॉशरलाहि दोन थेंबच लागत असत.

श्रोतेहो, सव्वादोनशें वर्षांच्या या कथेंत माणसानें चामडें, पत्रा, रबर आणि स्पंज असे अनेक द्वारपाल नेमले. त्यांत जे केवळ दार बंद करून बसले, ते आंतल्या केराचे राखणदार झाले. जे पुसत राहिले, तेलानें ओले राहिले आणि मालकाच्या नजरेसमोर राहिले, ते टिकले. आजच्या वस्तु विकतांना ‘हिच्याकडे पाहावयास नको’ ही मोठी शिफारस मानली जाते. डोंगरी सायकलीचा इतिहास नेमकें उलट सांगतो. रीपॅकच्या उतारावर प्रत्येक फेरीनंतर स्वार आपल्या हातानें तुंबा उघडीत असे. आज तुंबा उघडावा लागत नाहीं, ही प्रगति खरी. पण यंत्राकडे वळून पाहण्याची ती संवय सुटली, तर कोणतेंहि सील ती उणीव भरून काढणार नाहीं. तेव्हां घरांतील सायकलस्वार डोंगरावरून चिखलानें माखून परत येईल, तेव्हां त्याला प्रथम एक कोरडें फडकें द्यावें, आणि तें स्वतःचें तोंड पुसण्याआधीं त्या दोन नळ्यांवर फिरवावयास सांगावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.